बेदाण्याची कुळकथा

मार्च महिन्यात तासगावहून कवठेमहांकाळकडे निघालं, की माळावर जागोजागी बेदाण्याची शेड दिसू लागतात. वर छप्पर, बाजूंना हिरवी जाळी आणि आत एकावर एक ताणलेल्या जाळ्यांचे मजले. त्या जाळ्यांवर द्राक्षं पसरलेली असतात. ऊन त्यांच्यावर थेट पडत नाही, वारा मात्र खालून-वरून खेळत राहतो. पंधरा-वीस दिवसांत चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो.

'बेदाणा' हा शब्द फारसीतून आला. बेघर, बेकार या शब्दांतला 'बे' इथेही आहे. दाना म्हणजे बी. बेदाणा म्हणजे ज्यात बी नाही तो. शब्द इतका सरळ आहे, की त्यातली खरी गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. ज्या फळात बी नाही, त्याचा वंश पुढे चालतो कसा? त्याचं उत्तर एकच आहे: माणसाच्या हातानं. कुणीतरी काडी कापायची, दुसरीकडे लावायची. ते ज्या दिवशी थांबेल, त्या दिवशी हे कुळ संपेल.

या कुळाचं मूळ पश्चिम आणि मध्य आशियातल्या किसमिस द्राक्षांत आहे. अफगाणिस्तानात आजही मातीच्या जाड भिंतींची 'किशमिशखाना' नावाची घरं आहेत. भिंतींना ओळीनं भोकं, आत सावलीत टांगलेले घड. हिरवा बेदाणा उन्हात होत नाही, त्याला सावली आणि वाराच लागतो, हे त्या लोकांनी केव्हाच ओळखलं होतं. तिथली मातीची भिंत आणि आपल्याकडची हिरवी जाळी एकाच कामाला लागलेली आहेत. आपल्याकडे सुकवण्याआधी द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर सैल होऊन पाणी लवकर उडतं. ही युक्तीही जुनीच. राखेचं पाणी आणि तेल वापरून द्राक्षं सुकवण्याची रीत रोमन लेखक कोलुमेला यानं पहिल्या शतकात लिहून ठेवली आहे.

हीच बिनबियांची वेल पुढे अमेरिकेत पोहोचली. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या विल्यम थॉम्प्सन या इंग्रजानं 1872 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका रोपवाटिकेतून तिच्या काड्या मागवल्या. वेल फार जुनी, पण नाव तिला त्याचं लागलं: थॉम्प्सन सीडलेस. महाराष्ट्रात ती आली तेव्हा इथे भोकरी, चीमा साहेबी अशा बियांच्या जातींच्या बागा होत्या. थॉम्प्सननं त्यांची जागा घेतली.

तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्प्सनमधूनच निवड करून नवी जात उभी केली. तिचं नाव 'तास-ए-गणेश'. नावात तासगाव आहे आणि गणेशही आहे. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या, सात मजली गोपुराच्या देवळातला गणपती हे तासगावचं दैवत. सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी अशीच 'सोनाका' दिली. हजारो वेली सारख्या दिसत असताना एखाद्या काडीचा मणी जरा लांबट आहे, घड जरा वेगळा भरलाय, हे रोज बागेत फिरणाऱ्यालाच दिसतं. ती काडी वेगळी ठेवायची, वाढवायची, चार-सहा हंगाम पारखायची. असं हे संशोधन शेतकऱ्यांनी आपल्या बांधावर केलं.

फ्रान्समध्ये वाइनची घराणी आपली वंशावळ अभिमानानं सांगतात. अल्सासमधलं ह्यूगेल कुटुंब 1639 पासून हाच व्यवसाय करतं आणि बाटलीवर त्यांचं नाव असतं. पण त्या जुन्या घराण्यांच्या वेलीही आज परक्या मुळांवर उभ्या आहेत. 1860 च्या दशकापासून फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीनं फ्रान्सच्या बागा उजाड केल्या. उपाय अमेरिकेत मिळाला: खाली अमेरिकी रानवेलीचं मूळ, वर फ्रेंच काडीचं कलम. टेक्सासमधल्या टी. व्ही. मन्सन यांनी या कामात केलेल्या मदतीबद्दल फ्रान्स सरकारनं 1888 मध्ये त्यांचा सन्मान केला.

आपल्या बागेत जो 'डॉगरीज' रुटस्टॉक लावतात, तो त्याच टेक्सासच्या रानवेलींतला. फ्रान्सची अडचण कीड होती, आपली दुष्काळ आणि खारवट पाणी. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा सांगलीतून वाहते, पण पूर्वेच्या माळावर तिचं पाणी चढवायला ताकारी-म्हैसाळसारख्या उपसा योजना लागल्या. त्याआधी आणि नंतरही टंचाईत लोकांनी टँकरनं बागा जगवल्या. डॉगरीज अशा जमिनीत तग धरतो. पावसाळा सरता सरता खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला, की तो कापून मधोमध चीर देतात, दोन डोळ्यांच्या काडीला पाचरीसारखा आकार देऊन ती चिरेत बसवतात आणि प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधतात. साल सालीला भिडली पाहिजे. तिथे चूक झाली, की काडी वाळते. टेक्सासचं मूळ, इराण-अफगाणिस्तानाकडचा वंश आणि तासगावची पारख, सगळं त्या बोटभर जागेत एक होतं.

राज्यानं 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, तेव्हा नाशिककडच्या विंचूरबरोबर सांगलीतल्या पलूसलाही वाइन पार्क मंजूर झालं. तरी या भागाची ओळख ठरली ती बेदाणाच. 2016 मध्ये सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं आणि पिढ्यांच्या कष्टांवर मोहोर उमटली.

पण मानांकनानं गावाला नाव मिळतं, माणसाला नाही. फ्रेंच घराणं आपलं नाव बाटलीवर लिहितं. आपला बेदाणा मात्र बॉक्समधून निनावी निघतो आणि खिरीत, शिऱ्यात, प्रसादात निनावीच विरघळतो. म्हणून बागायतदारांना एक विनंती: आपल्या बागेतली काडी कुणाकडून आली, कोणत्या साली कलम केलं, हे वहीत लिहून ठेवा. बिनबियांच्या वेलीला स्वतःचा वंश सांगता येत नाही. तो तुम्हीच चालवलात, तर तो सांगायचाही तुम्हीच.