चर्मबाहुल्या आणि घरची बोली

चित्र आणि शिल्प यांची एकरूपता म्हटली की अभ्यासकांस लेणी आठवतात. आम्हां बेळगाव-निपाणीकडील मंडळींस किळ्ळेक्यातांच्या चर्मबाहुल्याही आठवाव्यात. पूर्वी हरणाचे, आता बहुधा बकऱ्याचे कातडे घासून पारभासी करावयाचे, त्यावर आकृती रेखून ती कातरावयाची, दागिन्यांची नक्षी छिन्नीने आरपार कोरावयाची आणि मग दोन्ही बाजूंनी रंग भरावयाचा. दिव्यापुढे बाहुली धरताच पडद्यावर रंग उमटतात व छिद्रांतून प्रकाशाचे अलंकार झळकतात. कोरणारा आणि रंगविणारा हात येथे एकच असतो.

कर्नाटकात हे कलावंत रामायण-महाभारत कानडीत सांगतात. घरी मात्र मराठीची एक बोली बोलतात. त्यांचे पूर्वज महाराष्ट्रातून दक्षिणेस गेले, असे अभ्यासक मानतात. आंध्र व तमिळनाडूतील अशा अनेक घराण्यांचीही हीच कथा आहे. इकडे कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर मात्र हा खेळ मराठीतच करीत आले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. आम्ही जागीच होतो, सीमा सरकली. किळ्ळेक्यात स्वतःच दूर गेले. पाठीशी शाळा नाही, ग्रंथ नाही. तरी त्यांनी घरची बोली जपली आणि शेजाऱ्याच्या भाषेत कला फुलविली. २०२५ साली कोप्पळ जिल्ह्यातील वयोवृद्ध भीमव्वा शिळ्ळेक्यातर यांस पद्मश्री जाहीर झाली, हे योग्यच झाले. बाहुल्यांस संग्रहालयात जागा मिळेल. त्यांच्या बोलीची नोंद कोण करणार? मराठीच्या हक्कासाठी झगडणाऱ्या आम्हां सीमावासीय शिक्षकांचे ते पहिले कर्तव्य आहे, असे आम्ही समजतो.