धुक्याचे छायाचित्र आणि सत्याचा प्रश्न

पहाटेच्या धुक्यातील एखाद्या निसर्गदृश्याचे छायाचित्र पाहून 'अगदी चित्रासारखे साधले आहे' असे आपण सहज म्हणतो. या स्तुतीच्या पोटी एक शंकाही असते : हे दृश्य खरोखरच असे होते, की छायाचित्रकाराने ते मागाहून असे केले ? ही शंका संगणकाने जन्मास घातली, असा आज सार्वत्रिक समज आहे. आम्हांस तो मान्य नाही. ती जवळजवळ छायाचित्रणकलेइतकीच जुनी आहे, आणि तिचा पूर्वेतिहास पाहिल्याखेरीज तिचा निवाडा करणे योग्य होणार नाही.

या इतिहासाचा उगम कलावंतांच्या लहरीत नसून रसायनाच्या एका उणिवेत आहे. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने कोलोडियनच्या ओल्या काचेची रीत प्रसिद्ध केली. ही काच निळ्या-जांभळ्या किरणांस तत्काळ वश होई. तांबड्या किरणांस मात्र ती जवळजवळ आंधळी असे. जमिनीवरील झाडेझुडपे नीट उमटावीत इतका वेळ प्रकाश दिला, तर आकाश कोरे पांढरे होई. आकाशास जपावे, तर जमीन काळीठिक्कर राही. अरुणोदयाच्या तांबूस छटेची तर तिला दादच नसे. उलटपक्षी, दूरच्या डोंगरावरील निळसर धूसरपणा ती डोळ्यांस दिसतो त्याहून दाट करून दाखवी. यंत्र कधी खोटे बोलत नाही असे म्हणणारांनी हे ध्यानात घ्यावे की, त्या काळच्या यंत्रास खरे बोलण्याचे सामर्थ्यच नव्हते.

गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५७ च्या सुमारास या अडचणीवर तोड काढली. समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी दुसरी अशा दोन निगेटिव्ह घेऊन, क्षितिजरेषेवर त्यांचा सांधा जुळवून, त्याने त्या एकाच कागदावर छापल्या. त्याच्या निरनिराळ्या समुद्रचित्रांवर तेच ते ढग आढळतात, ते यामुळेच. पुढे अडचणीतून निघालेली ही युक्ती स्वतंत्र कला होऊन बसली. रेलँडर याने १८५७ साली तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भव्य रूपकचित्र सिद्ध केले. हेन्री पीच रॉबिन्सन याने १८५८ साली मृत्युशय्येवरील तरुणीचे चित्र पाच निगेटिव्हमधून जुळविले, आणि १८६९ साली चित्ररचनेवर ग्रंथ लिहून या पद्धतीस शास्त्राची प्रतिष्ठा दिली.

या पद्धतीवर सर्वांत कठोर प्रहार केला तो पीटर हेन्री इमर्सन याने. क्यूबा बेटात १८५६ साली जन्मलेला हा गृहस्थ शिक्षणाने वैद्य. इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉर्फोक परगण्यातील उथळ सरोवरे, लव्हाळी आणि नावाडी यांची चाळीस चित्रे त्याने गुडॉल नामक चित्रकाराच्या सहकार्याने प्लॅटिनमच्या कागदावर प्रसिद्ध केली. १८८९ च्या आपल्या ग्रंथात त्याने प्रतिपादिले की, मनुष्याचा डोळा सारे दृश्य सारख्याच स्पष्टपणे पाहत नाही. म्हणून मुख्य विषय तेवढा रेखीव असावा, बाकीचे मृदू असावे. धुके हे काम निसर्गतःच करते. दूरच्या वस्तू ते क्रमाक्रमाने फिकट करीत नेते, आणि जवळची होडी किंवा लव्हाळ्याचे बेट आपोआप उठून दिसते.

परंतु १८९० साली हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघा संशोधकांनी दाखविले की, काचेवर पडणारा प्रकाश आणि तिच्यावर उमटणारा काळेपणा यांचे नाते गणिताच्या नियमाने बांधलेले आहे. इमर्सन यावरून अशा निष्कर्षास आला की, छटांवर छायाचित्रकाराची सत्ता फारशी चालत नाही, आणि म्हणून छायाचित्रण ही कला नव्हे. काळ्या चौकटीची पुस्तिका काढून त्याने आपल्याच मताचे सुतक पाळले. नवल हे की, यानंतर १८९५ साली त्याने 'मार्श लीव्ह्ज' हे पुस्तक प्रसिद्ध केले. धुके, हिम आणि निष्पर्ण झाडे यांची त्यातील सोळा चित्रे आज त्याची सर्वोत्कृष्ट कृती गणली जातात. ज्या कलेस त्याने बुद्धीने नाकारले, तिची साक्ष त्याच्याच हाताने दिली.

दरम्यान मूळ उणीवही दूर होत गेली. १८७३ साली फोगेल याने विशिष्ट रंगद्रव्यांच्या योगे काचेस इतर किरणांची जाण देता येते, हे शोधून काढले; १९०६ पासून सर्व रंगांस संवेदनशील असणाऱ्या काचा बाजारात मिळू लागल्या. आकाश जोडण्याचे कारण असे उरले नाही. जोडण्याची हौस मात्र उरली. २००९ साली एकाच चित्रावरून त्यातील धूसरपणा गणिताने वजा करण्याची एक प्रभावी रीत प्रसिद्ध झाली, आणि २०१५ पासून छायाचित्रे संस्कारित करण्याच्या एका लोकप्रिय साधनात धुके हटविण्याची कळच आली. २०२० साली तर आकाश बदलण्याची सोय झाली. ल ग्रेने जे खटपटीने साधले, ते आता क्षणाचे काम झाले आहे.

मग संस्कार करूच नयेत काय ? आमचे म्हणणे तसे नाही. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक उजळ धुक्यास मध्यम राखाडी समजतो. त्याने सांगितल्याहून सुमारे दुप्पट प्रकाश दिल्यावाचून धुके पुष्कळदा मळकट दिसते. ही चूक घेताना टाळावी, अथवा मागाहून सुधारावी; दोन्ही सत्याच्याच सेवा आहेत. पण विरोधछटा ताणताना दूरचा डोंगर जवळच्या झाडाहून गडद झाला, किंवा सूर्य डावीकडे असता उजेड उजवीकडून आला, तर धुक्याचा धर्मच मोडला. ल ग्रेची जोडणी आंधळ्या काचेला दृष्टी देण्यासाठी होती. आज काच डोळस आहे, आणि घाई आपल्याला आहे. इमर्सन ज्या धुक्याची वाट पाहत पाणथळीत राहिला, ते दोष म्हणून पुसून टाकण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे, एवढेच आमचे मागणे आहे.