पडलेल्यांना परत घ्यायचं का? इ. स. २५१ चं भांडण

'देव क्षमाशील आहे' हे वाक्य ऐकायला फार सोपं वाटतं. पण ज्याने ऐन संकटात साथ सोडली तो संकट टळल्यावर दारात येऊन उभा राहिला, की हेच वाक्य घशात अडकतं. ख्रिस्ती मंडळींवर ही वेळ फार लवकर आली, आणि त्यावरून चर्च फुटलं.

इ. स. २४९ मध्ये डेशियस रोमचा सम्राट झाला. साम्राज्य डळमळीत होतं. देवांचा कोप दूर व्हावा म्हणून त्याने फर्मान काढलं : प्रत्येकाने देवांना बळी द्यायचा, त्यातलं मांस खायचं, आणि अधिकाऱ्यांसमोर हे केल्याचं सर्टिफिकेट घ्यायचं. ही सर्टिफिकेटं इजिप्तच्या वाळूत चाळीसहून जास्त सापडली आहेत, बहुतेक २५० च्या उन्हाळ्यातली. गंमत बघा, त्यातलं एक चक्क मगरदेवाच्या पुजारणीचं आहे! म्हणजे जिचा धंदाच देवपूजेचा, तिलाही कागद लागलाच. सरकारी कागदाचं हे असंच असतं.

ख्रिस्ती लोकांपुढे मात्र प्रश्न जिवाचा होता. रोमचा बिशप फेबियन जानेवारी २५० मध्येच मारला गेला. काही जण तुरुंगात गेले, छळ सोसला. पण बरेच जण वाकले. कार्थेजचा (आजच्या ट्युनिशियातला) बिशप सिप्रियन लिहितो की लोक स्वतःहून चौकात धावले, संध्याकाळ झाली तर 'उद्यावर ढकलू नका' म्हणून अधिकाऱ्यांना विनवू लागले. काहींनी फक्त धूप टाकला. काहींनी काहीच न करता पैसे चारून नुसता कागद मिळवला. या सगळ्यांना लॅटिनमध्ये नाव पडलं 'लाप्सी', म्हणजे घसरलेले, पडलेले. (आपल्या लापशीशी संबंध नाही.)

वर्षभरात छळ ओसरला. २५१ मध्ये डेशियस गॉथांशी लढताना मेला. आणि हे पडलेले लोक रडत परत आले.

आता काय करायचं? तुरुंगात राहिलेल्यांनी आधीच त्यांना माफीच्या चिठ्ठ्या द्यायला सुरुवात केली होती. काही चिठ्ठ्यांवर तर 'अमुक आणि त्याची माणसं' एवढंच. 'माणसं' म्हणजे वीस की तीस, कोण मोजणार! सिप्रियन यावर चांगलाच वैतागला. पण त्याची स्वतःची बाजूही लंगडी होती, कारण छळाच्या काळात तो लपून बसला होता आणि तिथून पत्रांनी कारभार हाकत होता. लोक ते बोलून दाखवत. आणीबाणीत कोण आत राहिलं आणि कोण लिहून देऊन सुटलं यावर आपल्याकडे अजून वाद होतात, त्यामुळे हे चित्र परकं वाटू नये.

तिकडे रोममध्ये नोव्हेशियन नावाचा विद्वान पाद्री कडक भूमिकेवर अडून बसला. पडलेल्यांनी आयुष्यभर पश्चात्ताप करावा, देव काय ते बघेल, पण त्यांना परत आत घ्यायचा अधिकार चर्चला नाही. नवा बिशप कॉर्नेलियस मवाळ निघाला, तेव्हा नोव्हेशियनने स्वतःला समांतर बिशप करून घेतलं. त्याला खलनायक ठरवणं सोपं आहे, मला ते पटत नाही. ज्यांच्या घरातलं माणूस छळात मेलं, त्यांच्या शेजारी सर्टिफिकेटवाला येऊन बसणार, ही कल्पना सहन न होणारे त्याच्यामागे गेले असतील तर नवल नाही.

खरं तर हा वाद जुनाच. हरवलेल्या मेंढराची आणि उधळ्या मुलाची गोष्ट येशूने सांगितली, लूकच्या पंधराव्या अध्यायात आहे. पण ते मेंढरू म्हणजे नेमकं कोण? कार्थेजचाच टर्टुलियन या वादाच्या तीसेक वर्षं आधी हट्टाने सांगत होता की ते मेंढरू म्हणजे बाहेरचा, अजून ख्रिस्ती न झालेला माणूस. आत येऊन पाप करणारा नव्हे. विधीच्या पेल्यांवर मेंढपाळाचं चित्र काढत, त्याचीही त्याने टर उडवली. मला वाटतं इथे त्याचा तर्क फसतो. मेंढरू हरवतं ते कळपातूनच. आणि तो मुलगा परक्याचा नव्हता, त्याच घरातला होता.

कार्थेजच्या सभेने २५१ मध्ये मधला मार्ग काढला. नुसता कागद घेणाऱ्यांना चौकशी करून परत घ्यायचं. बळी देणाऱ्यांनी प्रायश्चित्त करत राहायचं, त्यांना माफी मरणाच्या दारात. पण पुन्हा छळाची चिन्हं दिसू लागली तेव्हा दोनेक वर्षांत हाही नियम सैल झाला. प्रायश्चित्त करणाऱ्या सगळ्यांनाच आत घेतलं. सिप्रियनचं म्हणणं असं की ज्यांनी उद्या लढायचं त्यांना उपाशी आणि निःशस्त्र कसं ठेवणार? २५८ मध्ये पुन्हा छळ आला तेव्हा तो पळाला नाही. १४ सप्टेंबरला त्याचं शिर उडवलं गेलं.

नोव्हेशियनचे अनुयायी मात्र पुढे काही शतकं टिकले. ३२५ साली नायसियाच्या परिषदेने त्यांच्या पाद्र्यांना परत यायची वाट मोकळी केली. एक अट अशी, पडून परत आलेल्यांच्या पंगतीला आपण बसू, असं त्यांनी लेखी द्यायचं.