ब्राउझर खेळ
ब्राउझर खेळ : काहीही डाउनलोड न करता थेट ब्राउझरमध्ये खेळता येणारा छोटा खेळ. भारतात मुंबईच्या झपाक डॉट कॉमने २००६ पासून असे खेळ लोकांपर्यंत नेले. ब्रँडसाठी डिझाइन संस्था ते बनवू लागल्यावर ‘ही तर निव्वळ जाहिरात’ असा आक्षेप आला. तो अपुरा आहे : सूचना न वाचता नियम कळावेत आणि नागपुरातल्या साध्या फोनवरही खेळ अडखळू नये, ही शिस्त जाहिरातीपलीकडची आहे. खरी उणीव जतनाची. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी असे अनेक खेळ ज्यावर चालत त्या फ्लॅश तंत्राचा आधार काढला आणि एचटीएमएल५ मध्ये न आणलेले असंख्य खेळ नेहमीच्या ब्राउझरमध्ये चालेनासे झाले. रफलसारखे एम्युलेटर त्यांपैकी काहींना पुन्हा चालवतात; मात्र मूळ फाइल जपलेली असेल तरच.