'अँड'च्या आधीचा स्वल्पविराम

हे वाक्य बघा: 'द सॅम्पल्स वेअर वॉश्ट विथ इथेनॉल, अ‍ॅसिटोन अँड वॉटर.' काही खटकलं? मलाही नव्हतं खटकलं, वाक्य माझंच होतं. मला म्हणायचं होतं, तीन द्रवांनी तीनदा धुवा. लॅबमधल्या ज्युनिअरने वाचलं: आधी इथेनॉलने, मग अ‍ॅसिटोन आणि पाण्याच्या मिश्रणाने. तिचे तीन आठवडे वाया गेले आणि बोलणी मात्र तिलाच बसली.

शाळेत आपल्याला शिकवतात की 'अँड' आला की त्याच्या आधी स्वल्पविराम नको. पण हा सगळ्या इंग्रजीचा नियम नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याचे प्रमुख होरेस हार्ट यांनी १८९३ साली आपल्या जुळाऱ्यांसाठी नियमांची छोटी पुस्तिका काढली. १९०४ पासून ती बाहेरही विकायला आली. यादीतल्या शेवटच्या 'अँड'आधी स्वल्पविराम द्यायचा, ही त्या छापखान्याची पद्धत. म्हणून त्याचं नाव 'ऑक्सफर्ड कॉमा'. वर्तमानपत्रांनी मात्र तो बहुतेक टाळला.

शंभर वर्षं हे भांडण संपादकांपुरतंच असावं असं वाटतं ना? मग अमेरिकेतल्या मेन राज्यात चला. तिथे चाळीस तासांवरच्या कामाला दीडपट मजुरी मिळते, पण काही कामं कायद्याने वगळली होती. त्या यादीचा शेवट असा: 'स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नाही. ओकहर्स्ट डेअरीचं म्हणणं, वितरण हे वेगळं काम आहे आणि तेही वगळलंय. म्हणजे दूध पोचवणाऱ्या ड्रायव्हरना ओव्हरटाइम नाही. ड्रायव्हर म्हणाले, वगळलंय ते फक्त पॅकिंग, मग ते पाठवणीसाठी असो की वितरणासाठी. आम्ही पॅकिंग करतच नाही!

डेअरीकडेही मुद्दा होता. मेनच्या कायदे लिहिण्याच्या नियमावलीतच हा स्वल्पविराम देऊ नका असं सांगितलेलं. पण मला आवडला तो ड्रायव्हरांचा दुसरा मुद्दा: यादीतली बाकी सगळी कामं '-इंग'ने संपतात, 'डिस्ट्रिब्यूशन' तेवढं नाही. मार्च २०१७ मध्ये अपील कोर्ट म्हणालं, वाक्य संदिग्ध आहे, आणि अशा वेळी मजुरीच्या कायद्याचा अर्थ कामगाराच्या बाजूने लावायचा. २०१८ मध्ये डेअरीने पन्नास लाख डॉलरना तडजोड केली.

मराठीत ही अडचण का जाणवत नाही? मोडीत तर विरामचिन्हंच नव्हती, शब्दसुद्धा सलग. ती छापील मराठीत रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडींना देतात. त्यांचं 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० चं. पण मला वाटतं खरी मदत प्रत्यय करतात. 'इथेनॉलने, अ‍ॅसिटोनने आणि पाण्याने' म्हटलं की तीन धुण्या वेगळ्या झाल्या, स्वल्पविराम असो वा नसो. ड्रायव्हरांचं '-इंग' म्हणजे जवळजवळ आपलं हे '-ने'च की!

ऑक्सफर्ड कॉमा रामबाण आहे असंही समजू नका. प्रबंधाच्या आभारात 'टू माय गाइड, द हेड ऑफ द डिपार्टमेंट, अँड माय मदर' असं लिहून बघा. गाइड आणि विभागप्रमुख एकच की दोन? इथे तो स्वल्पविरामच घोळ घालतो.

मेनने नंतर कायदा बदलला. यादीत सगळीकडे अर्धविराम टाकले आणि 'डिस्ट्रिब्यूशन'चं 'डिस्ट्रिब्यूटिंग' केलं. मीही चिन्हांच्या भरवशावर न राहता 'फर्स्ट विथ इथेनॉल, देन विथ अ‍ॅसिटोन, अँड फायनली विथ वॉटर' असं लिहिलं आणि ज्युनिअरला वाचायला दिलं. तिने एकच विचारलं, "दादा, प्रत्येक वेळी किती मिनिटं?" ते लिहायचं राहिलंच होतं.