अजिंठ्याच्या नकला

तालुका कचेरीत माझे निम्मे काम नकला देण्याचे. त्यामुळे अजिंठ्याच्या चित्रांच्या नकलांची हकीकत वाचली, ती मनाला लागून राहिली.

मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून लेण्यांतील भित्तिचित्रांच्या तैलरंगी नकला करण्यात वर्षानुवर्षे घालविली. त्या विलायतेत क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांसह पुन्हा नकला केल्या. त्यांतील कितीएक १८८५ मध्ये लंडनलाच दुसऱ्या आगीत गेल्या! शिवाय रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश चढविले गेले, ते पुढे पिवळे पडले. नकलेसाठी मूळ दप्तराला असा हात लावला तर आमच्याकडे नोकरी जाईल.

आज भिंतीला न शिवता डिजिटल छायाचित्र निघते, दहा ठिकाणी ठेवता येते. मात्र साल व ठिकाण न नोंदविल्यास, शिक्का नसलेल्या नकलेसारखीच त्याची गत. ज्यांच्या घरी मंदिराची वा जत्रेची जुनी छायाचित्रे असतील त्यांनी ती समितीकडे आणावीत. मोबाईलवर टिपून, त्यांतील माणसांची नावे लिहून घेऊन, मूळ प्रत तिथल्या तिथे परत करू.