नाच्या पोराचे बूट

आपल्याकडं तमाशाच्या फडात नाच्या पोरगा असायचा. लुगडं नेसून, घुंगरं बांधून रात्रभर नाचायचा. पुष्कळदा आपल्याच वस्तीतला. त्याचं पुढं काय झालं, कुणी लिहून ठेवलं नाही. अमेरिकेतल्या एका काळ्या पोराचं मात्र लिहिलेलं सापडतं. म्हणून त्याचा इतिहास सांगतो.

सॅमी डेव्हिस ज्युनिअर. जन्म १९२५, न्यूयॉर्कची हार्लेम वस्ती. आईबाप दोघंही नाचणारे. ते वेगळे झाले आणि तीन-चार वर्षांचं पोर बापासंगं विल मॅस्टिनच्या फडात गावोगाव फिरायला लागलं. लहान पोरांना रंगमंचावर राबवायला कायद्याची आडकाठी. मग जाहिरातीत त्याला ‘नाचणारा बुटका’ म्हणायचे. पोटासाठी पोराचं पोरपण लपवायचं! शाळा नाहीच. १९३३ साली, सात वर्षांचा असताना, एका सिनेमात तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. काळं पोर अध्यक्ष झालं, हाच त्यातला विनोद.

दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेला. तिथं गोऱ्या शिपायांनी नाक फोडलं, कपाळावर नि छातीवर पांढऱ्या रंगानं शिव्या लिहिल्या आणि नाच म्हणाले. त्यानंच आत्मचरित्रात हे सांगितलंय. पुढं लास व्हेगासच्या हॉटेलात त्याच्या पायांवर टाळ्या पडायच्या, पण त्याच हॉटेलात झोपायला खोली नाही. खेळ संपला की काळ्यांच्या वस्तीत जायचं. गावच्या पाटलासमोर रात्रभर नाचून पहाटे महारवाड्यात परतणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग टेलिव्हिजन आला. १९५२ साली एडी कँटर या गोऱ्या नटानं आपल्या कार्यक्रमात नाचून घामाघूम झालेल्या सॅमीचा घाम स्वतःच्या रुमालानं पुसला. एवढंच. लोकांची संतापाची पत्रं आली. विटाळ झाला होता, मित्रांनो, तोही घरबसल्या, काचेतून! कँटर मागं हटला नाही, त्यानं सॅमीला पुन्हा बोलावलं. १९५४ साली मोटारीच्या अपघातात सॅमीचा डावा डोळा गेला, तरी नाच थांबला नाही. १९६६ साली टेलिव्हिजनवर त्याच्या नावाचा कार्यक्रम सुरू झाला. चार महिन्यांत बंद पडला.

त्यानं मार्टिन ल्यूथर किंगच्या चळवळीला पैसा दिला. १९६५ च्या माँटगोमेरी मोर्चात कार्यक्रम केला. आणि १९७२ साली, मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्याच वर्षी, त्यानं सर्वांदेखत राष्ट्राध्यक्ष निक्सनला मिठी मारली. काळ्या पोरांनी त्याची हुर्यो उडवली. आपणही उडवली असती. पण ज्याला तीन वर्षांचा असल्यापासून मालकाची टाळी हीच भाकर म्हणून शिकवलं, त्याच्या मिठीत कितीसा त्याचा दोष आणि कितीसा शिकवणाऱ्यांचा?

महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी पठ्ठे बापूरावांनी तमाशाचं उत्पन्न देऊ केलं, बाबासाहेबांनी नाकारलं, असं आपल्यात सांगतात. बरोबरच केलं. आपल्या बायांच्या नाचाचा पैसा घेऊन आपली सुटका होत नसते. पण आपण काय केलं? पैशाबरोबर नाचणारीलाही नाकारलं. जयंतीला तिला कोपऱ्यात उभं केलं. पोराला फडातून काढून शाळेत घालायचं, हे बाबासाहेबांचं सांगणं. फडात राहिलेल्याला तोडून टाकायचं, हे आपलं.

१९८९ साली सॅमीच्या साठ वर्षांच्या नाचाचा सत्कार झाला. तो १९९० च्या फेब्रुवारीत टेलिव्हिजनवर दाखवला. घशाला कॅन्सर, अंगात त्राण नाही. ग्रेगरी हाइन्स हा तरुण काळा नाचणारा समोर आला, तसा म्हाताऱ्यानं पत्र्या मारलेले बूट चढवले आणि त्याच्याबरोबर नाचला. नाच संपल्यावर हाइन्स वाकला आणि त्या बुटाचा मुका घेतला. तीन महिन्यांनी, मे महिन्यात, सॅमी मेला.

मालकांच्या हजार टाळ्यांपेक्षा आपल्या माणसाचं ते एक वाकणं मला मोठं वाटतं. आपल्या वस्तीत घुंगरं पेटीत ठेवून बसलेली एखादी म्हातारी अजून असेल. वही घेऊन जा तिच्याकडं. विचारा, पहिल्यांदा पायात घुंगरं कुणी बांधली, तेव्हा वय किती होतं. ती सांगेल ते लिहून घ्या.